अर्धा किलो जास्तीची डाळ

माझ्यामुळे एका बाईचं मत बुडालं. बुडालं असं म्हणणंही लबाडीचं आहे, मी ते बुडवलं. आजवर हे मी कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याला संशय आहे, पण तो रेल्वेत इंजिनियर होता, पुरावा हातात आल्याशिवाय तोंड उघडत नाही.

आम्ही मूळचे कऱ्हाडकडचे. मी बँकेत, तो रेल्वेत. लखनौला बदली झाली तेव्हा तीन वर्षं काढू आणि परत जाऊ असं ठरलं होतं. त्याला आता पंचवीसच्या वर वर्षं झाली. दोघंही निवृत्त होऊन इथेच, लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत राहिलो. घरात मराठी, जिन्यावर हिंदी आणि भांडण झालं की दोन्ही, अशी आमची भाषेची व्यवस्था आहे.

माझे वडील साखर कारखान्यात फिटर होते आणि युनियनचे कार्यकर्ते. त्यामुळे गरिबांनी गरिबांची बाजू घेणाऱ्या पक्षाला मत द्यावं, हे मला दोन अधिक दोन चार इतकं सरळ वाटत आलं. बँकेत लागले त्याच आठवड्यात मी युनियनचा फॉर्म भरला, आणि पुढे घोषणा देण्यात माझा आवाज सगळ्यांत वर असायचा. खेड्यापाड्यातली कष्टकरी माणसं उलटंच करतात, देवाधर्माची, जुन्या रीतीभातींची आणि बड्या लोकांची सोय बघणाऱ्या पक्षाला भरभरून मतं देतात, हे पाहून माझा जीव जळायचा. निकालाच्या दिवशी टीव्हीसमोर बसून मी म्हणायची, "हे लोक स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेतात?" 'हे लोक' म्हणताना मी प्रत्यक्ष ओळखत होते अशी त्यांतली एकच बाई होती, आणि ती त्या वेळी आत माझ्या पोळ्या करत असायची.

मी तिला दीदी म्हणते, ती मला भाभी जी म्हणते. आमच्या दोघींत मोठी कोण हे आम्ही कधी विचारलं नाही. तिचं गाव शहराबाहेरच्या बख्शी का तालाब या कसब्याच्याही पुढे आत आहे. रोज पहाटे उठून, घरचं आवरून, गावातून ई-रिक्शाने तालाबपर्यंत आणि तिथून टेंपोने आमच्याजवळच्या कपूरथला चौकापर्यंत ती येते. दहा वर्षं येते आहे. आली तेव्हा तिला जाड रोटीच येत होती. घडीच्या पोळ्या मी शिकवल्या, भरली वांगी शिकवली, आणि एका होळीला पुरणपोळी शिकवली. तिसऱ्या खेपेला तिची पोळी माझ्यापेक्षा चांगली झाली. माझी हमखास फुटते, तिची आजवर फुटलेली नाही. लखनौमधल्या आमच्या मराठी मंडळींत माझ्या घरच्या पुरणपोळीचं नाव आहे, आणि ते नाव मी निमूटपणे स्वतःकडे घेत आले.

पुरण, कट, झारा, लाटणं, एवढे शब्द तिला येत. त्यापलीकडे तिला मराठी येत नाही अशी आमची समजूत होती. परमुलखातल्या मराठी माणसाला ही एक फुकटची सोय असते. अमीनाबादेत दुकानदारासमोर उभं राहून त्याच्याचबद्दल "हा लुटतोय, ऊठ" असं म्हणता येतं. आम्ही तीच सवय घरातही लावून घेतली होती. दीदीच्या समोर दीदीबद्दल बोलायचं ते मराठीत. आज तिने मीठ जास्त घातलंय, आज तिचं तोंड का पडलंय, पगार वाढवायचा का पुढच्या महिन्यात बघायचं, सगळं तिच्यासमोर, आरामात. मनात काही वाईट नसायचं, असं मी स्वतःला सांगत असे.

तिच्याशी माझे वाद व्हायचे ते मात्र हिंदीत. वाद कसले, मी बोलायची आणि ती कणीक मळायची. महागाई झाली की मी तिला महागाई दाखवायची. गॅस महागला की गॅस दाखवायची. त्या भागात मोकाट गुरांचा भयंकर त्रास आहे, लोक म्हणतात ते छुट्टा जानवर, उभा गहू खाऊन जातात. तिच्या दोन बिघ्यांत एकदा काहीच उरलं नाही. त्या दिवशी मला, खोटं कशाला बोलू, मनातून थोडा आनंद झाला. म्हटलं आता हिला कळेल. मी विचारलं, "अब भी उन्हीं को दोगी?"

ती म्हणाली, "नाराज़ तो हैं भाभी जी। बहुत नाराज़ हैं। पर नाराज़ तो आदमी घर में भी होता है। घर थोड़े न छोड़ देता है।"

"आखिर क्यों, दीदी? क्या दिया है उन्होंने?"

तिने पोळी तव्यावर टाकली. ती उलटली, फडक्याने कडा दाबून घेतल्या. मग म्हणाली, "वो आए थे।"

मला वाटलं ती प्रचाराबद्दल बोलते आहे. ती नवऱ्याच्या मरणाबद्दल बोलत होती. तिचा नवरा गवंडी होता. दोन वर्षांपूर्वी थंडीत छातीच्या दुखण्याने गेला. इस्पितळातून त्याला गावी न्यायला गाडी मिळेना, तेव्हा त्या पक्षाचा गावातला एक माणूस, खताचं छोटं दुकान आहे त्याचं, तो स्वतःचा टेंपो घेऊन आला. पुढे तेराही दिवस तो रोज संध्याकाळी येऊन बसत होता. "दरी पे बैठते थे," ती म्हणाली, दरी म्हणजे सतरंजी, "कुर्सी दी तो भी नहीं ली।" तेराव्याला त्यांच्या बायकांनी पुऱ्या तळल्या. मी त्या वेळी तिला महिनाभराची भरपगारी रजा दिली होती आणि आपण किती मोठ्या मनाचे आहोत असं वाटून घेतलं होतं. तेराव्याला गेले नाही. लांब पडतं म्हणून गेले नाही. तिचं गाव आमच्यापासून गाडीने तासाभरावर आहे, आणि दहा वर्षांत मी ते पाहिलेलं नव्हतं.

तिची सगळीच मतं गोड आहेत असं नाही. पलीकडच्या वस्तीतल्या लोकांबद्दल ती कधी कधी जे ऐकीव बोलते, ते ऐकून मी तिला रागावलेही आहे, आणि त्या रागाबद्दल मला आजही खेद नाही. पण 'वो आए थे' हे ऐकून मी रागावले नाही. मी विषय बदलला आणि भाजीत गूळ घातलास का म्हणून विचारलं.

ज्या निवडणुकीचं हे सांगते आहे, तिच्या महिनाभर आधी एक दिवस ती हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आत मतदारयादीचं एक पान होतं, त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून तीसेक नावं. पक्षाने एकेका माणसाकडे यादीचं एकेक पान सोपवलं होतं. त्या पानावरच्या प्रत्येकाला भेटायचं, कोण गावात आहे, कोण बाहेर आहे ते बघायचं आणि मतदानाच्या दिवशी सगळ्यांना केंद्रावर न्यायचं. गावातल्या एका पानाची जबाबदारी दीदीवर होती. तिला सही करता येते, सावकाश आपलं नाव वाचता येतं, यादी काही वाचता येत नव्हती. ती म्हणाली, "भाभी जी, आप तो बैंक में थीं। ज़रा पढ़ दीजिए।"

मी चष्मा लावून वाचत गेले आणि ती एकेका नावाला सांगत गेली. हा तिकडे लुधियानाला असतो, फोन करावा लागेल. हिचं लग्न झालं पण नाव इथेच आहे. हे म्हातारे चालू शकत नाहीत, यांना सायकलवर बसवून नेऊ. सतराव्या क्रमांकावर तिचं स्वतःचं नाव होतं. ते वाचलं तेव्हा ती पदर सारखा करून हसली. मला ती सकाळ आवडली, हे कबूल करते. दोन दिवस मी वाचलं, तिसऱ्या दिवशी तिला सगळं पान तोंडपाठ होतं. पुस्तक हातात न धरलेली बाई, सतरानंतर अठरा कोण हे न चुकता सांगत होती.

आणि मग माझ्यातली युनियनवाली जागी झाली. मी विचारलं, "इसका पैसा देते हैं?"

तिचा चेहरा उतरला. "पैसा काहे का? पन्ना हमारे नाम है।"

मला लाज वाटली, आणि लाजेच्या पोटात दुसरं काहीतरी होतं, ते मी फार उशिरा ओळखलं. तो मत्सर होता. आमच्या शाखेत झाडलोट करणारी एक बाई होती, कायम न झालेली. तिला कायम करावं असा ठराव आम्ही दर वर्षी टाळ्यांच्या गजरात मंजूर करायचो. त्या सभेसाठी सतरंज्या तीच घालायची, चहा तीच आणायची, आणि सभा सुरू झाली की बाहेर जाऊन बसायची. तिला आत बोलवावं, तिच्या हातात एखादा कागद द्यावा, हे आमच्यातल्या एकालाही इतक्या वर्षांत सुचलं नाही. मलाही नाही. आम्ही उंटावरून शेळ्या हाकत राहिलो, आणि कोणीतरी खाली उतरून दीदीच्या हातात पान ठेवून गेलं.

एवढं कळूनही मी जे केलं ते केलंच.

मतदानाच्या सुट्टीला आमच्याकडे पुरणपोळीचं जेवण असतं. कोणी सुरू केलं आठवत नाही, पण सकाळी मत द्यायचं आणि दुपारी शाई लागलेल्या बोटांनी मंडळींनी आमच्याकडे जेवायला यायचं, हा रिवाज पडून गेला आहे. सोळा माणसं येणार होती. मी दीदीला विचारलं तेव्हा तिने बोटांवर तास मोजले. मग तिने सगळा हिशोब मांडला. सकाळी गावातली माणसं घराबाहेर काढायचं काम तिची सून करेल. ती आमच्याकडे साडेसहालाच येईल, पुरणपोळ्या करून एक वाजता निघेल, उरलेल्यांना गोळा करेल आणि त्यांच्याबरोबर स्वतः मत देईल. "एक बजे तक छोड़ दीजिएगा न?"

"हाँ हाँ, एक बजे।"

त्याच दिवशी पुण्याहून माझ्या बहिणीचा फोन आला. दीदी ओट्याशी गवार निवडत होती. मी तिथेच उभी राहून बहिणीला त्या पानाची हकिकत सांगितली, आणि हसत म्हटलं, "मी तर म्हणते त्या दिवशी हिला लवकर सोडतच नाही. तेवढंच एक मत कमी." बहीणही हसली. दीदी गवार मोडत राहिली. ती चेष्टा होती. त्या क्षणी ती चेष्टाच होती, असं मी अजूनही मानते.

मतदानाच्या दिवशी सातलाच आम्ही दोघं जवळच्या शाळेत जाऊन मत देऊन आलो. मी नोकरीत असताना अनेकदा निवडणुकीच्या कामावर गेलेले आहे. केंद्राध्यक्ष म्हणून एका खेड्यात, पाच वाजून पन्नास मिनिटांनी लांबून काठी टेकत येणाऱ्या एका आजोबांना पाहून मी शिपायाला पुढे पिटाळलं होतं, त्यांना हात धरून फाटकाच्या आत आणण्यासाठी. सहाला फाटक बंद होतं. आत रांगेत असतील त्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत येतात, म्हणजे मागून कोणी घुसायला नको. बाहेर राहिला तो राहिला. त्या दिवशी घरी आल्यावर मी ती गोष्ट किती अभिमानाने सांगितली होती.

दीदी साडेसहाच्या आधीच आली होती. दीड किलो डाळ मी आदल्या दिवशी मोजून ठेवली होती. सोळा माणसांना ती पुरून उरली असती. सव्वाबाराला पुरण तयार होतं, कणीक तिंबून झाली होती, कटाची आमटी उकळत होती. ऊन रणरणत होतं आणि स्वयंपाकघरात उभं राहवत नव्हतं. घामाने तिचा पदर पाठीला चिकटला होता. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि खुशीत म्हणाली, "हो जाएगा भाभी जी। एक-सवा एक तक सब सेंक के रख देंगे।"

तेव्हा मी डाळीचा डबा काढला.

खूप वेळा मी तो क्षण आठवून पाहिला आहे. मला राग आला होता का? नव्हता. तिच्या खुशीचा त्रास झाला होता. ती इतक्या उत्साहाने निघाली होती, आणि कोणाकडे निघाली होती, हे डोळ्यांसमोर येत होतं. मी वाटीने मोजून अर्धा किलो डाळ धुतली आणि कुकरला लावली. म्हटलं, "थोड़ा और बना लेते हैं दीदी, सबको घर के लिए भी दे देंगे।"

ती म्हणाली, "और?"

"थोड़ा सा।"

तिने कुकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "अच्छा," म्हणाली आणि लाटायला लागली. डाळ शिजणार, कट काढायचा, गूळ घालून आटवायचं, यंत्रातून काढायचं, गार करायचं, मग त्याच्या पोळ्या. पुरण किती वेळ खातं हे तिला मीच शिकवलं होतं.

नवरा पाणी प्यायला आला. कुकरकडे बघून मराठीत म्हणाला, "सोळाच माणसं ना? मग ही डाळ कशाला?"

"तुला काय कळतंय त्यातलं," मी म्हटलं.

मंडळी दीडला आली. पोळ्या तव्यावरून थेट ताटात जायला हव्यात, गार पोळीत मजा नाही, हा आमच्याकडचा दंडक; दीदीसाठी त्या दिवशी तो बाजूला ठेवायचा होता, तो मी पुन्हा पुढे केला. तेव्हा एकला निघण्याचा प्रश्नच उरला नाही. तूप ओतून ओतून लोक जेवत होते आणि अर्थातच निवडणुकीवर बोलत होते. सगळे माझ्याच विचारांचे, म्हणून तर माझ्याकडे येतात. विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "किती सांगा या लोकांना. गाढवापुढे वाचली गीता..." आणि दोघांतिघांनी एका सुरात पुढचं म्हटलं, "...कालचा गोंधळ बरा होता." खूप हशा झाला. मीही हसले. आत लाटण्याचा आवाज थोडा वेळ थांबला. मला वाटलं, पिठी संपली असेल.

पोळ्या तीनला संपल्या. मग घरी न्यायच्या पोळ्यांची पुडकी बांधायची होती. मग मी म्हटलं, ओटा तेवढा पुसून जा. ती निघाली तेव्हा चार वाजले होते. तिने हात धुतले, पदराने तोंड पुसलं आणि पिशवी उचलली. मला माहीत होतं की निवडणुकीच्या दिवशी टेंपो आणि बसगाड्या सरकारी कामाला लागलेल्या असतात आणि रस्त्यावर वाहन मिळत नाही. हे मला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं. खाली आमची गाडी उभी होती. नवरा जेवून आडवा झाला होता, पण उठवलं असतं तर तो तिला कुरकुर न करता सोडून आला असता. मी गॅलरीत उभी राहून ती कपूरथलाच्या बाजूला भराभर चालत जाताना पाहिली, आणि आत येऊन पडले. झोप लागली नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. मी तिच्या तोंडाकडे बघण्याआधी बोटाकडे पाहिलं. शाई नव्हती. नखाशी कालच्या हळदीचा पिवळा डाग तेवढा होता.

"दीदी, वोट?"

"नहीं हुआ भाभी जी।" तिने पिशवी खुंटीला अडकवली. "पाँच बजे तक तो कुछ मिला ही नहीं। फिर एक भैया ने आधे रास्ते तक बिठा लिया। तालाब से पैदल गए। छह बीस पे पहुँचे।"

फाटक बंद झालं होतं. आत अजून रांग होती. दिवसभर उन्हामुळे न आलेली माणसं शेवटी एकदम आली होती. त्यात तिच्या पानावरचे चौघे होते, हातात चिठ्ठ्या घेऊन उभे. सून आतून हात करून बोलवत होती. ती फाटकाच्या गजांना धरून बाहेर उभी राहिली आणि आपली चार माणसं एकामागून एक आत जाताना बघत राहिली. पोलिसाला विनवलं नाही का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नियम तो नियम है। आप ही ने बताया था।"

मी सांगितलं होतं. त्या आजोबांची गोष्ट मी तिलाही सांगितली होती.

ती चहा ठेवायला वळली आणि माझी बडबड सुरू झाली. इतकं वाईट वाटलं, गाडीने सोडायला हवं होतं, लक्षातच आलं नाही, असं काय काय मी बोलत होते. त्यातलं 'लक्षातच आलं नाही' हे ज्या सहजपणे तोंडातून निघालं त्याची मला अजून शरम वाटते. तिच्या एका मताने निकाल काडीइतकाही बदलला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं. मी पक्षाचं काही बिघडवलं नव्हतं. ज्याचं मत मी खाल्लं तो पक्ष मला ओळखतही नाही. तिला मी ओळखत होते.

चहा झाल्यावर तिने पान काढलं. रात्रीच घरोघर जाऊन तिने सगळ्यांना विचारून घेतलं होतं. निळ्या पेनाने प्रत्येक नावापुढे खूण केलेली होती. पान आज संध्याकाळी जमा करायचं होतं. लुधियानावाला आला होता. म्हातारे सायकलवरून गेले होते. लग्न झालेली पोरगी तान्ह्या बाळाला घेऊन आली होती. सगळ्यांपुढे खूण होती, फक्त सतरावं नाव मोकळं होतं. शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर छापलेलं होतं, मत दिलं नसल्यास कारण.

"इसमें कुछ लिखना पड़ेगा," ती म्हणाली. "सब हँस रहे थे कल। कहते हैं, पन्ना वाली चाची ने सबका डलवा दिया, अपना भूल गईं।" ती हे हसतच सांगत होती, पण त्या मोकळ्या रकान्यावरून अंगठा फिरवत होती.

मी पेन घेतलं. बँकेत माझ्या अक्षराचं कौतुक व्हायचं. मी म्हटलं, "दीदी, क्या लिखूँ? देर तो मेरी वजह से..."

"लिख दीजिए, तबीयत खराब थी।"

"पर तबीयत तो..."

"लिख दीजिए न भाभी जी। आपका नाम थोड़े लिखवाएँगे उसमें।"

तिने ते कुठल्याही रागाने म्हटलं नाही, आणि राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्या अरुंद रकान्यात, सुबक अक्षरात 'तबीयत खराब' असं लिहिलं. कागद धरलेल्या माझ्या डाव्या हाताच्या बोटावरची शाई त्या दोन शब्दांच्या अगदी शेजारी आली. ती पुढे महिनाभर नखातून सरकत सरकत वर जात राहिली आणि मी ती लोकांसमोर लपवत राहिले. कशाला लपवते आहेस असं नवऱ्याने एकदा विचारलंही.

तिने पान घडी करून पिशवीत घातलं. रोजचा स्वयंपाक केला, ओटा पुसला. मी आसपास घुटमळत होते. खरं सांगून टाकावं असं दोनदा ओठांवर आलं, आणि दोनदा मी फ्रीज उघडून बंद केला. लहानपणी वडिलांनी एकच शिकवलं होतं, कष्टकऱ्याचा हक्क बुडवणाऱ्याला माफ करायचं नाही. ते ज्यांच्याबद्दल बोलत होते त्यांच्यात मी स्वतःला कधी मोजलं नव्हतं.

दारात चपला घालताना ती थांबली. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि खाली चपलेच्या पट्ट्याकडे बघत, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली, "भाभी जी, पुढच्या वेळी डाळ मी मोजेन."

ळ तिला नीट जमला नाही. बाकी सगळं मराठी स्वच्छ होतं.